हॉलमध्ये भिंत घालण्याआधी लेकराशी बोलू या

घरातली सगळ्यात मोठी खोली कोणती, असं कुणी विचारलं तर आपण कौतुकानं हॉल दाखवतो. पण "आई, मला एकट्याला बसायला जागा कुठं आहे?" असं लेकरानं विचारलं की आपल्याला पटकन उत्तर सुचत नाही.

हिंगोली असो, वसमत असो, कळमनुरी, सेनगाव की औंढा, आपल्याकडच्या गेल्या काही वर्षांतल्या घरांचा नकाशा बराचसा सारखा असतो. रस्त्याच्या बाजूनं हॉल, त्याच्या मागं किचन, बाजूला एक बेडरूम, जिन्याखाली बाथरूम. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. हॉल मोठा ठेवायचा हे पायाभरणीच्या आधीच ठरलेलं असतं. महालक्ष्म्या बसवायला जागा हवी. सोयरीक जमली की सुपारी घरातच फुटते, त्याला जागा हवी. दसऱ्याला गावाकडची मंडळी उतरतात, त्यांच्या गाद्या टाकायला जागा हवी. हे सगळं खरं आहे, आणि माणसांसाठी घर मोठं ठेवण्यात वावगं काहीच नाही.

फक्त हे दिवस वर्षातून मोजकेच येतात. बाकीच्या दिवसांत त्याच हॉलमध्ये सकाळी आजोबांचा चहा आणि पेपर असतो, दुपारी शेजारणी येऊन बसतात, संध्याकाळी मालिका लागते, रात्री गाद्या पडतात. आणि सोफ्याच्या एका टोकाला, मांडीवर वही घेऊन, दहावीतलं लेकरू बसलेलं असतं.

आपण त्याला सांगतो, "लक्ष असलं की कुठंही अभ्यास होतो." सगळेच सांगतो. आपण स्वतः चिमणीच्या उजेडात किंवा ओट्यावर बसून शिकलो, याचा दाखलाही देतो. मग लेकरू गच्चीच्या जिन्यात जाऊन बसतं, मित्राच्या घरी जातं, नाहीतर महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत खुर्ची घेतं. आपल्याला वाटतं, बरं झालं, सोय झाली. आपल्याच घरात आपल्याला जागा नाही, हे मात्र त्याच्या मनात राहून जातं.

म्हणून हॉल मधून अडवून एक खोली काढावी, असं हल्ली बऱ्याच घरांत बोललं जातं. त्याबद्दलच तुमच्याशी बोलावंसं वाटलं. मिस्त्री काय म्हणतो, खर्च किती येतो, हे तर बघायचंच आहे. पण त्याआधी ही खोली आपण कशासाठी काढतोय, हे एकदा स्वतःशी बोलून घेऊ.

आपण पालक म्हणून लगेच म्हणतो, अभ्यासासाठी. दहावी आहे, बारावी आहे, नीटची तयारी आहे. नांदेडला, लातूरला पाठवलं तर खोलीभाडं, मेस, क्लास, सगळं मिळून खर्च डोक्यावर बसतो. त्यापेक्षा घरातच खोली काढलेली बरी. हिशेब बरोबर आहे.

लेकराच्या मनात मात्र अभ्यासाच्या जोडीला आणखी काही असतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कपडे बदलायला दर वेळी बाथरूमचा आडोसा शोधावा लागतो. पाळीच्या दिवसांत पोट दुखत असताना भिंतीकडे तोंड करून पडून राहावंसं वाटतं, पण हॉलमध्ये मामा आलेले असतात. मुलाचा आवाज फुटत असतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतात, आणि येणारा प्रत्येक पाहुणा त्यावरच बोलतो. मैत्रिणीशी भांडण झालं, सरांनी वर्गात बोल लावला, तर रडायलाही जागा लागते. सगळ्यांच्या देखत रडता येत नाही म्हणून लेकरं चिडतात, आणि आपण म्हणतो, "आजकाल फार उलटून बोलतोय."

खोलीचा उपयोग अभ्यासाला होईलच. पण लेकराला ती मोठं होण्यासाठी लागते. एवढं आपण मान्य केलं, की पुढचे निर्णय बदलतात. भिंत कुठं घालायची, खिडकी कुणाकडं जाईल, दाराला कडी लावायची का, या सगळ्याची उत्तरं त्यातून मिळतात.

आपल्या आजी-आजोबांच्या घरांत अशी जागा नव्हती असं आपल्याला वाटतं, पण ते पूर्ण खरं नाही. मराठवाड्यातली माळवदाची घरं खणांत मोजायचे. अमुक इतक्या खणांचं घर म्हटलं की घराचा ऐवज कळायचा. लाकडी खांबांच्या मधले हे खण गरजेप्रमाणे वेगळे व्हायचे. कुठं धान्याचं बळद उभं राहायचं, कुठं तुराट्या-पळाट्यांचा कूड घालून शेणमातीनं सारवला जायचा, कुठं नुसतं धोतर दोरीवर टाकलेलं असायचं. बाळंतिणीसाठी आडोसा व्हायचा, नव्या सुनेसाठी व्हायचा, म्हाताऱ्या माणसासाठी ढेलजेच्या बाजूला कोपरा असायचा. गरज सरली की कूड काढून टाकायचे. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी जागा सरकवायची, ही रीत आपली जुनीच आहे. तेव्हा वाढत्या लेकराची गरज त्या यादीत नव्हती, कारण त्या वयात मुलगा शेतावर आणि मुलगी सासरी गेलेली असायची. आता ती गरज आली आहे, एवढाच फरक.

तर पहिली विनवणी ही, की मिस्त्रीला बोलवायच्या आधी लेकराला विचारा. आपण उलटं करतो. घाईत असतो, सोयाबीनचे पैसे हातात असतात, मिस्त्री मोकळा सापडलेला असतो. सगळं ठरवून झाल्यावर लेकराला "तुझी खोली" म्हणून दाखवतो आणि त्याचा चेहरा खुलला नाही की आपल्याला वाईट वाटतं.

विचारलंत तर काही उत्तरं तुम्हाला चकित करतील. एखादं लेकरू म्हणेल, मला खोली नको, टीव्ही नऊनंतर बंद करा. एखादीला फक्त स्वतःच्या कुलपाचं कपाट आणि एक टेबल पुरेल. लहान भाऊ असेल तर तो घाबरेल, की ताई आता माझ्याजवळ झोपणार नाही. आठ-नऊ वर्षांचं लेकरू कदाचित एकटं झोपायलाच तयार नसेल, आणि त्यात घाई करायचं काही कारण नाही. दिवसा खोली त्याची, रात्री गादी आपल्याजवळ, असंही चालतं.

दुसरी विनवणी: आधी करून बघा. हॉलच्या ज्या भागात भिंत घालायची आहे तिथं जड कपाट आडवं लावा, उरलेल्या जागेला दोरी बांधून जाड पडदा सोडा, आत टेबल-खुर्ची ठेवा. महिनाभर तसंच राहू द्या. किचनकडे जायची वाट अडते का, पंखा कुठं येतो, उजेड किती कमी होतो, आजीला रात्री उठून जायला अडचण होते का, हे सगळं फुकटात कळतं. कागदावर बरोबर दिसणारं घरात चालत नाही, असं पुष्कळदा होतं.

आता थोडं मापाबद्दल, कारण तिथं फसगत होते. समजा हॉल वीस बाय बाराचा आहे. आपण म्हणतो, मधून अडवला की दोन खोल्या झाल्या. पण हॉलमधून किचनकडे जायची वाट असते. तीन फुटांची वाट सोडली तर बारा फुटांतले नऊच उरतात. नऊ बाय नऊची खोली काढली तर ती एक्याऐंशी चौरस फूट होते. देशाच्या इमारत संहितेत राहत्या घरातल्या दुसऱ्या खोलीसाठी किमान साडेसात चौरस मीटर क्षेत्र आणि २.१ मीटर रुंदी धरली आहे. आपल्या फुटांत सांगायचं तर साधारण ऐंशी चौरस फूट आणि सात फूट. म्हणजे नऊ बाय नऊ जेमतेम बसतं. त्यात तीन बाय सव्वासहाचा पलंग, चार बाय दोनचं टेबल आणि एक उभं कपाट मावतं. याहून लहान काढलीत तर ती खोली लेकराला कोंडल्यासारखी वाटेल, आणि वर्षभरात तिथं फक्त अडगळ राहील.

मग प्रश्न येतो खिडकीचा. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्या की हॉलला उजेड फक्त रस्त्याच्या बाजूनं असतो. आपण सवयीनं पुढचा भाग पाहुण्यांसाठी ठेवतो आणि मागचा अंधारा भाग लेकराला देतो. दिवसाही ट्यूबलाईट लावून बसणारं लेकरू लवकर थकतं, त्याचा जीव लागत नाही. कोरड्या, उष्ण हवेच्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहाव्या हिश्श्याएवढी उघडी खिडकी असावी, असा संकेत आहे. एक्याऐंशी चौरस फुटांच्या खोलीला आठ-नऊ चौरस फूट, म्हणजे साधारण अडीच बाय साडेतीनची खिडकी.

मला मनापासून वाटतं, की जमत असेल तिथं खिडकी लेकराला द्यावी. हॉलमध्ये आपण जास्त करून संध्याकाळीच बसतो, तेव्हा दिवा लागतोच. दाराच्या बाजूनं तीन फुटांची वाट सोडून पुढची खिडकीवाली जागा खोलीला दिली, तर पाहुणे त्या वाटेनं आत येतात आणि बैठक मागं बसते. पार्टिशनच्या वरच्या दीड-दोन फुटांत दुधी काच बसवली की उजेड मागपर्यंत पोचतो. रस्त्यावर फार वर्दळ असेल, समोर दुकान असेल, तर मात्र हे जमणार नाही. मग मागच्या बाजूला डक्ट असेल तिकडं खिडकी फोडता येते का ते बघावं. तेही नसेल तर खोलीऐवजी नुसता आडोसा करावा. हवा-उजेड नसलेली खोली देण्यापेक्षा तो बरा.

पंखा आणि कूलर आपल्याला शेवटी आठवतात. हॉलचा पंखा मधोमध असतो, आणि नेमकी भिंत तिथंच येते. स्लॅबला दोन्ही भागांत हूक आहेत का ते आधी बघा. खोलीसाठी वेगळं बटण, दोन-तीन सॉकेट आणि टेबलाशी दिव्याची जागा आधीच काढून घ्या. नंतर वायरी लोंबकळतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. खिडकीतला कूलर भिंतीमुळे एकाच खोलीचा होतो, आणि कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर खोली नुसती दमट होते. दारावर झडपेची खिडकी ठेवलीत तर उन्हाळ्यात हवा हॉलमध्ये जाते आणि अभ्यासाच्या वेळी झडप लावता येते. आवाज आणि हवा दोन्ही सांभाळायचं तर एवढी तडजोड करावीच लागते.

आता भिंत कशाची घालायची? आपल्या हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न दुसरीकडच्यापेक्षा जास्त जपून सोडवायला हवा.

२१ मार्च २०२४ ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. सहाच्या सुमाराला काही मिनिटांच्या अंतरानं भूकंपाचे दोन धक्के बसले, पहिला ४.५ तीव्रतेचा. नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सातनंतर पुन्हा ४.५ चा धक्का बसला. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीतून येणारे गूढ आवाज लोक कितीतरी वर्षं ऐकत आलेत. मोठं नुकसान झालं नाही, पण भांडी खडखडली आणि आपण लेकरांना घेऊन बाहेर पळालो. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या पिढीला विसरता येत नाही. तिथं हजारो माणसं गेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाचा जड थर अंगावर कोसळून.

म्हणून लेकराच्या पलंगाशेजारी उभी राहणारी भिंत हलकी असावी आणि धरून बांधलेली असावी. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी साडेचार इंची विटांची भिंत, दोन्हीकडच्या प्लास्टरसकट, अडीच-तीन टनांची होते. नुसत्या फरशीवर ती उभी केली, बाजूच्या भिंतींना आणि स्लॅबला नीट धरली नाही, तर धक्क्यात ती सगळ्यात आधी हलते. त्यात आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; पाया नसलेली भिंत त्या हालचालीनं तडकते. घर वरच्या मजल्यावर असेल आणि खाली बीम नसेल तर सगळं वजन स्लॅबवर येतं. विटांचीच भिंत हवी असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात घालू नका. मिस्त्री अनुभवी असतात, पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या जबाबदारीवर सोडण्याचा नाही.

हलक्या ब्लॉकची चार इंची भिंत विटांच्या भिंतीच्या निम्म्या वजनाची किंवा त्याहून कमी होते. पत्र्याच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्ड मारला तर तेवढीच भिंत तीन-चारशे किलोत भागते आणि दोन-तीन दिवसांत उभी राहते. फक्त जिप्समला ओल चालत नाही. तळमजल्यावर पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर खालचे फूट-दीड फूट सिमेंटचा बोर्ड वापरा. प्लायवूड घेणार असाल तर आधी वाळवीचा बंदोबस्त करा. कपाटांचीच भिंत करणार असाल तर कपाटं मागून-वरून पक्की आवळून घ्या, म्हणजे धक्क्यात लेकराच्या अंगावर येणार नाहीत.

आवाजाचं एक सांगते. पातळ पार्टिशनमधून टीव्हीचा शब्द न् शब्द ऐकू येतो. बोर्डच्या दोन थरांमध्ये काचलोकर किंवा रॉकवूल भरून घेतलं आणि वरची-खालची फट बुजवली तर बराच फरक पडतो. तरीही टीव्हीचा आवाज थोडा आपल्यालाच कमी करावा लागतो, त्याला पर्याय नाही.

काम कधी काढायचं? बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना नको. सोयाबीन विकून दिवाळीच्या सुट्टीत काढलं तर हवाही कोरडी असते आणि लेकरं मोकळी असतात. रंग कुठला लावायचा ते लेकराला ठरवू द्या, मग तो आपल्याला न आवडणारा का असेना.

आता घरातल्या बाकीच्यांबद्दल. हॉल लहान झाला की कुणाची तरी जागा जाते, आणि ती बहुतेक वेळा आजी-आजोबांची असते. त्यांची कॉट दाराजवळ असते, जाणारं-येणारं माणूस दिसतं, रस्त्याचा आवाज येतो, त्यात त्यांचा दिवस जातो. ती कॉट मागं सरकवली की त्यांना टाकून दिल्यासारखं वाटतं, आणि ते तसं बोलूनही दाखवत नाहीत. नातवाच्या खोलीसाठी आजीची जागा हलवायची असेल तर आजीला आधी विचारा, आणि दाराजवळची त्यांची खुर्ची तरी कायम ठेवा. नातवालाही कळू द्या, की त्याला जागा मिळावी म्हणून आणखी कुणीतरी सरकून बसलं आहे.

दोन लेकरं असतील तर खोली कुणाची, यावरून घर पेटतं. मोठ्याला दिली की धाकटा रुसतो, मुलाला दिली की मुलगी गप्प बसते. मुलगी गप्प बसते म्हणून तिला चालतंय असं आपण धरून चालतो, हे आपल्या सगळ्यांच्याच हातून होतं. खरं तर वयात आलेल्या मुलीला आडोशाची गरज जास्त असते. दोघांना एकच खोली द्यायची झाली तर वेळा वाटून द्या आणि त्या वेळा त्यांनाच ठरवू द्या. तुम्ही फक्त त्या पाळल्या जातात ना, एवढं बघा.

मग दार. आपल्याला धास्ती वाटते ती इथंच. दार लावून आत काय करेल? मोबाईलच बघत बसेल. ही भीती खोटी नाही. पण दारच बसवायचं नाही किंवा आतून कडी ठेवायची नाही, हा त्यावरचा उपाय नव्हे. मोबाईलचा नियम मोबाईलपुरता करा. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन हॉलमधल्या एकाच ठिकाणी चार्जिंगला लागतील, आपलेही. आपला फोन उशाशी आणि लेकराचा बाहेर, असं चालत नाही. लेकरं ते लगेच हेरतात.

दार वाजवून आत जायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. सुरुवातीला फार अवघड जातं. हातात दूध असतं, घाई असते, आणि आपल्याच घरात आपल्याच लेकराचं दार काय वाजवायचं, असं वाटतं. पण त्या टकटकीनं लेकराला कळतं, की आपल्याला मान आहे. एक जादा किल्ली आपल्याकडं असू द्या, आणि ती आहे हे लेकराला माहीत असू द्या. ती अडीअडचणीसाठी आहे, झडतीसाठी नाही, हेही एकदा स्पष्ट सांगा.

दार लावणं आणि मिटून जाणं यात फरक असतो, तो मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचा. जेवायला बाहेर येतं, थोडं बोलतं, मित्रांना भेटतं, ते लेकरू दार लावतं म्हणून काळजी नको. पण जेवण सुटलं, झोप बिघडली, सगळ्यातून मन उडालं, बोलणं बंद झालं, तर त्याला आळस किंवा नखरा म्हणू नका. शेजारी बसा, विचारा, ऐका. डॉक्टरांकडं जायला लाजू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे, आणि आपण पालकांनीही तिथं बोललं तरी चालतं.

शेतकरी घरात खोलीवर आणखी एक संकट येतं. हळद शिजवून, वाळवून, घोटून होते, पण बाजारात भाव पडलेला असतो. सोयाबीन थोडं थांबवून विकू म्हणतो. कापूस वेचून घरी येतो. पोती ठेवायची कुठं? लेकराची खोली मोकळी दिसते. "चार दिवसांचा प्रश्न आहे, जरा सरकून बस," असं म्हणत आपण पोती आत लावतो आणि चार दिवसांचे दोन महिने होतात. मग पाहुण्यांच्या बॅगा येतात, जुना टीव्ही येतो, शिलाई मशीन येतं. एका दिवाळीत काढलेली खोली पुढच्या दिवाळीपर्यंत कोठीघर झालेली असते. यात कुणाचाच वाईट हेतू नसतो. माल तर ठेवावाच लागतो. म्हणून खोली काढतानाच मालाची जागा वेगळी ठरवून ठेवा, जिन्याखाली, गच्चीवरच्या शेडमध्ये, जमेल तिथं. अगदीच नाइलाज झाला तर लेकराला विचारून ठेवा आणि कधी काढणार ते सांगून ठेवा.

आणि आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. खोली काढायला आपण पैसे मोडतो. कधी हळदीचे, कधी भिशीचे, कधी अंगावरच्या सोन्याचे. घरात अडचण सोसतो. पहिल्या चाचणीत मार्क कमी आले की तोंडून निघून जातं, "तुझ्यासाठी एवढा हॉल तोडला, एवढा खर्च केला, आणि तू हे दिलंस?" थकलेल्या माणसाच्या तोंडून असं निघतं. पण त्या क्षणी ती खोली लेकराची राहत नाही. तिथली प्रत्येक भिंत त्याला उधारी वाटायला लागते, आणि उधारीच्या जागेत कुणाचं मन लागत नाही.

खोली मार्कांच्या बोलीवर देऊ नका. देताना सांगून टाका, की तू या घरातला आहेस म्हणून ही जागा तुझी आहे. निकाल काहीही लागला तरी ती तुझ्याकडून कुणी काढून घेणार नाही. अभ्यासाबद्दल बोलायचं तेव्हा जरूर बोलू, रागवायचं तेव्हा रागवू, पण खोलीचा विषय त्यात आणायचा नाही.

ज्यांच्याकडं अडवायला हॉलच नाही, त्यांच्याशीही बोलायचं आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या साधारण ३७ टक्के कुटुंबांकडं राहायला एकच खोली होती. आपल्या ओळखीतली कितीतरी घरं त्यात येतात. भाड्याच्या घरात भिंत घालता येत नाही. तिथं जागेऐवजी वेळ अडवता येते. रोज संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद, फोनवर बोलायचं तर बाहेर, पाहुणे आले तर ओसरीत किंवा ओट्यावर. कपाटाचा एक कप्पा कुलूप लावून लेकराला द्या, त्याची किल्ली त्याच्याकडं. कोपऱ्यात एक टेबल, त्यावर दुसऱ्या कुणी पिशवी ठेवायची नाही. एवढ्यानंही लेकराला आपल्यासाठी घर थांबलेलं दिसतं. आणि ते दिसणं फार मोलाचं असतं.

तेव्हा मिस्त्रीला फोन करायच्या आधी एक संध्याकाळ काढा. टीव्ही बंद करा, आजी-आजोबांनाही बसवा, टेप घेऊन हॉल मोजा आणि माप लेकराला वहीत लिहायला सांगा. खिडकी कुठं, दार कुठं, पलंग कुठं, ते त्याला काढू द्या. नकाशा वेडावाकडा येईल, दोन गोष्टी होण्यासारख्या नसतील, त्या का होणार नाहीत ते समजावून सांगा. उरलेल्या मात्र त्यानं काढल्या तशाच करा. आणि खर्चाचा आकडा त्या वहीत लिहू नका, तो आपल्यापाशीच राहू द्या.